नॅसवरून क्लाउडवर फायली नेताना : आरक्लोनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान ऑफिसं, फोटो स्टुडिओ, सीएंची कार्यालयं, ग्रंथालयं यांच्या फायली नॅसवरून (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेल्या सामायिक साठवणीच्या पेटीवरून) क्लाउडवर नेण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं आरक्लोन हे साधन धरून दिली आहेत. कमांड आणि पर्यायांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

१. आरक्लोन म्हणजे काय? गूगल ड्राइव्हचं स्वतःचं ॲप असताना ते कशाला?

आरक्लोन हा कमांड लाइनवर (आज्ञा टाइप करून) चालणारा, मोफत आणि मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. निक क्रेग-वुड यांनी २०१२ मध्ये त्याची सुरुवात केली. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे तो चालतो. ड्राइव्हचं ॲप एका माणसाच्या एका संगणकासाठी बनवलेलं आहे. ऑफिसच्या नॅसवरचं एक शेअर (नेटवर्कवर वाटून दिलेला विभाग) रोज रात्री दोन वाजता उचलून ॲमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड साठवणीतल्या बकेटमध्ये (तिथल्या आपल्या कप्प्यात) ठेवायचं, काय गेलं काय राहिलं त्याचा लॉग (नोंदींची फाइल) लिहायचा, हे त्याचं काम नव्हे.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. मध्ये कुठलाही तिसरा सर्व्हर नसतो. ज्या मशीनवर आरक्लोन चालतो, त्याच मशीनमधून प्रत्येक बाइट जातो: नॅसवरून त्या मशीनवर, तिथून इंटरनेटवर. म्हणून वायफायवरच्या लॅपटॉपवरून हे काम करू नका. केबलने जोडलेलं, रात्रभर चालू राहणारं मशीन निवडा.

२. 'रिमोट' तयार करायचा म्हणजे नक्की काय भरायचं?

रिमोट म्हणजे एका ठिकाणाचा पत्ता आणि तिथे शिरायची किल्ली, दोन्ही एका नावाखाली. 'आरक्लोन कॉन्फिग' ही कमांड दिली की ती एकेक प्रश्न विचारत जाते: नाव, प्रकार, पत्ता, वापरकर्ता, पासवर्ड. तुम्हाला किमान दोन रिमोट लागतील, एक नॅसचा आणि एक क्लाउडचा.

नॅससाठी बहुतेक ठिकाणी एसएमबी (विंडोजची नेटवर्कवरून फायली वाटण्याची पद्धत) हा प्रकार निवडावा लागतो (आवृत्ती १.६० पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पासून तो थेट उपलब्ध आहे). इथे हमखास चुकणारी गोष्ट अशी की पाथमधला (फायलीच्या पूर्ण पत्त्यातला) पहिला शब्द हा शेअरचं नाव असावा लागतो, फोल्डरचं नव्हे. 'हिशेब' नावाच्या शेअरमधलं '२०२३' हे फोल्डर हवं असेल, तर 'हिशेब/२०२३' असं लिहायचं.

आणि नॅसवर या कामासाठी वेगळा वापरकर्ता तयार करा, फक्त वाचण्याचा अधिकार असलेला. कधी तरी कोणी कमांडमध्ये दोन्ही ठिकाणांची अदलाबदल करतंच. त्या दिवशी हा एकच निर्णय मूळ फायली वाचवतो.

३. आमच्या नॅसवर फायली देण्या-घेण्याचे एसएमबी, एनएफएस, एसएफटीपी, एफटीपी हे सगळेच मार्ग चालू आहेत. कोणता घ्यायचा?

एसएफटीपी चालत असेल आणि त्या वापरकर्त्याला शेल (नॅसवर कमांड चालवण्याची सोय) मिळत असेल तर तोच घ्या. त्या बाजूलाच फायलीचा चेकसम (आशयावरून काढलेला ओळख-आकडा) काढता येतो, आणि पडताळणीत त्याचा फार उपयोग होतो (प्रश्न ८ पाहा). फक्त एवढं लक्षात ठेवा की आरक्लोन समोरच्या सर्व्हरची होस्ट-की (त्याची ओळख पटवणारी किल्ली) आपणहून तपासत नाही. नोन-होस्ट्स (ओळखीच्या सर्व्हरांची यादी) या फायलीचा पाथ सेटिंगमध्ये द्यावा लागतो. तुमचं मशीन आणि तो सर्व्हर यांच्यामध्ये इंटरनेट असेल तर हे टाळू नका.

एनएफएससाठी वेगळा रिमोट नसतो. ते शेअर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये माउंट करा (एका फोल्डरवर जोडून घ्या) आणि साध्या फोल्डरसारखा पाथ द्या. एफटीपी नको. पासवर्ड उघडा जातो.

४. कॉपी, सिंक आणि मूव्ह यांत फरक काय? सगळे सिंकच वापरा म्हणतात.

कॉपी नवीन आणि बदललेल्या फायली पाठवतो, पलीकडचं काही पुसत नाही. मूव्ह पाठवून झाल्यावर मूळ फाइल पुसतो. सिंक मात्र पलीकडचं ठिकाण अलीकडच्यासारखं *करून ठेवतो*, म्हणजे अलीकडे जे नाही ते पलीकडून पुसतो.

एका ग्रंथालयाच्या कामात मी स्वतः यात पोळलो आहे. नॅसचं शेअर एका लिनक्स मशीनवर माउंट केलं होतं आणि रात्री सिंक चालायचा. एका रात्री वीज जाऊन आली. मशीन आधी सुरू झालं, नॅस नंतर. शेअर माउंट झालंच नाही, पण माउंटसाठी बनवलेलं रिकामं फोल्डर जागेवर होतं. आरक्लोनला मूळ ठिकाण रिकामं दिसलं आणि सांगितलेलं काम त्याने चोख केलं. सकाळी ड्राइव्हवर एकही स्कॅन उरला नव्हता. ड्राइव्हवरून पुसलेल्या फायली ३० दिवस कचरापेटीत राहतात आणि आरक्लोनही आपणहून कचरापेटीतच टाकतो, म्हणून सगळं परत मिळालं. एस-थ्रीला कचरापेटी नसते. तिथे बकेटवर व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय) चालू नसतं तर ते स्कॅन कायमचे गेले असते.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे. रोजच्या कामाला कॉपी. सिंक हवाच असेल तर आधी 'ड्राय-रन' लावून काय पुसलं जाणार ते वाचायचं. 'मॅक्स-डिलीट' लावून एका वेळी किती फायली पुसता येतील याला मर्यादा घालायची. 'बॅकअप-डिर' देऊन पुसलेल्या आणि बदललेल्या फायली त्याच रिमोटवरच्या वेगळ्या, तारखेच्या फोल्डरमध्ये हलवायच्या. आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत शेअरवरची एक ठरावीक फाइल दिसते का ते पाहायचं. दिसली नाही तर तिथेच थांबायचं.

५. मी 'फोटो' फोल्डर कॉपी केलं, पण पलीकडे 'फोटो' फोल्डर दिसतच नाही. आतल्या फायली सगळीकडे पसरल्या आहेत.

आरक्लोन फोल्डर नव्हे, फोल्डरच्या *आतलं* पाठवतो. पलीकडच्या पाथमध्ये 'फोटो' हे नाव तुम्हीच लिहायचं.

६. आमच्याकडे १ टीबी डेटा आहे. किती वेळ लागेल? दिवसा नेट अडकलं तर ऑफिस बंद पडतं.

आधी तुमच्या लाइनचा *अपलोड* वेग तपासा. जाहिरातीत दिसतो तो बहुधा डाउनलोडचा असतो. लाइनचा वेग बिटमध्ये मोजतात, फायली बाइटमध्ये, म्हणून आठने भागायचं. २० एमबीपीएस अपलोडवर १ टीबीला सुमारे साडेचार दिवस लागतात, तेही लाइन पूर्ण वेळ फक्त याच कामाला दिली तर. १०० एमबीपीएसवर साधारण २२ तास.

दिवसा ऑफिसला श्वास घेऊ द्यायला 'बीडब्ल्यू-लिमिट' आहे. त्याला वेळापत्रक देता येतं: सकाळी नऊपासून ५१२ के, संध्याकाळी सातपासून मर्यादा बंद. इथे आकडे बाइटमध्ये असतात, बिटमध्ये नाहीत. '१० एम' लिहिलं तर ते ८० एमबीपीएसच्याही वर जातं आणि ५० ची लाइन गुदमरते. 'मर्यादा घालूनही नेट अडकतं' अशा तक्रारींमागे मला बहुतेक वेळा हेच सापडलं आहे.

७. गूगल ड्राइव्हवर मोठा व्हिडिओ भराभर जातो, पण बिलांच्या हजारो छोट्या पीडीएफ रांगत जातात. शिवाय दर आठवड्याला लॉगिन तुटतं. का?

दोन वेगळी कारणं आहेत. ड्राइव्ह एका सेकंदाला साधारण दोनच नव्या फायली तयार करू देतो, फाइल कितीही लहान असो. म्हणजे एक लाख पीडीएफना आकार काहीही असला तरी १४ तासांच्या आसपास जाणार. 'ट्रान्सफर्स'चा आकडा (एका वेळी किती फायली जातात तो, मुळात ४ असतो) वाढवून इथे काही हाती लागत नाही. जी वर्षं बंद झाली आहेत, त्यांच्या फायली वर्षवार झिप करून पाठवा. चालू वर्ष तेवढं सुटं ठेवा. याशिवाय एका वापरकर्त्याला दिवसाला ७५० जीबी अपलोडची मर्यादा आहेच.

लॉगिनबद्दल: आरक्लोनची सर्वांसाठीची क्लायंट-आयडी (गूगलला ॲपची ओळख देणारा क्रमांक) न वापरता गूगल क्लाउडच्या कन्सोलमध्ये स्वतःची बनवा, असा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबर आहे. पण ते ॲप 'टेस्टिंग' अवस्थेतच राहिलं तर गूगलचं रिफ्रेश टोकन (लॉगिन टिकवून ठेवणारी किल्ली) सात दिवसांत संपतं. कन्सोलमध्ये जाऊन ॲप 'प्रॉडक्शन'मध्ये प्रकाशित करा आणि रिमोट एकदा पुन्हा जोडा.

ज्या मशीनला स्क्रीन किंवा ब्राउझर नाही, तिथे लॉगिन कसं करायचं असंही विचारतात. ब्राउझर असलेल्या दुसऱ्या मशीनवर 'आरक्लोन ऑथराइझ' चालवा. मिळालेलं टोकन पहिल्या मशीनवर चिकटवा.

८. सगळं पोचलं याची खात्री कशी करायची? फायलींची संख्या जुळते.

संख्या जुळणं पुरेसं नाही. संख्या जुळूनही एखादी फाइल अर्धी असू शकते. 'आरक्लोन चेक' दोन्ही बाजूंची तुलना करतो. दोघांकडे एकाच प्रकारचा चेकसम असेल तर आशयाची तुलना होते, नसेल तर फक्त आकाराची. आणि इथेच गोची आहे: गूगल ड्राइव्ह एमडी-फाइव्ह हा चेकसम देतो, ड्रॉपबॉक्सचा स्वतःचा वेगळा हॅश (चेकसमचंच दुसरं नाव) आहे, वनड्राइव्हचा क्विक-एक्सओआर, आणि एसएमबीचा रिमोट कुठलाच हॅश देत नाही.

म्हणून नॅस एसएमबीने जोडला असेल तर 'चेक'मध्ये सगळं हिरवं दिसणं म्हणजे केवळ आकार जुळले आहेत. त्यावर दोन उपाय आहेत. शेअर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये माउंट करा आणि साध्या पाथने चेक करा. मग आरक्लोन प्रत्येक फाइल नेटवर्कवरून वाचून स्वतः चेकसम काढतो. वेळ लागतो, पण तो ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचा असतो. दुसरा उपाय 'डाउनलोड' हा पर्याय. त्यात दोन्हीकडचा डेटा पूर्ण खाली उतरवून बाइटन् बाइट ताडला जातो. एस-थ्रीवर त्याचं बिल येईल, म्हणून तो नमुन्यादाखल एका फोल्डरवर चालवा.

मूळ डिस्क पुसायची किंवा नॅस विकायचा असेल तर यातली एक तपासणी झाल्याशिवाय हात लावू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

९. मराठी नावांच्या फायली अडतात. काही जातच नाहीत, काही दोनदा दिसतात. इंग्रजी नावं ठेवायची का?

नाही, मराठी नावं सोडू नका. कारण समजलं की हा प्रश्न सुटतो.

आधी लांबी. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'कर्मचाऱ्यांची' हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो, पण त्यात १३ चिन्हं आहेत, म्हणजे ३९ बाइट. लिनक्सवर, म्हणजे बहुतेक नॅसवर, एका नावाला २५५ बाइट मिळतात. म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजवर चिन्हं मोजतात, तिथे २५५ बसतात. त्यामुळे विंडोजवर दिलेलं लांबलचक नाव नॅसवर अडतं. एस-थ्रीवर संपूर्ण पाथला मिळून १०२४ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत ३४१ चिन्हं. 'कार्यालयीन पत्रव्यवहार/जावक/...' अशी पाच-सहा पातळ्यांची फोल्डरं असली की ती मर्यादाही जवळ येते. एन्क्रिप्शन लावलं तर आणखी घट (प्रश्न १३ पाहा).

आता दुहेरी नावं. याचा मुख्य दोषी आपला लाडका 'ऱ' आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध 'ऱ' म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता (टिंब) म्हणून. जुन्या मॅकची एचएफएस-प्लस फाइल सिस्टिम नावं सुटी करून साठवायची, विंडोज जसं टाइप केलं तसं ठेवतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला वेगळी. आरक्लोन तुलना करताना हा फरक आपणहून सांभाळून घेतो, पण आधी कोणी मॅकवरून दुसऱ्या साधनाने फायली चढवल्या असतील तर जोड्या तयार झालेल्या असतात.

तिसरा प्रकार सर्वांत चकवा देणारा. काही कीबोर्ड 'ऱ्या' लिहिताना नुक्त्याचा 'ऱ' न वापरता र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. दिसायला तोच अर्धचंद्री रफार, पण हा फरक कुठलंही नॉर्मलायझेशन (दोन तऱ्हांनी लिहिलेली अक्षरं एकसारखी करणं) मिटवत नाही. 'शेतकऱ्यांची यादी' दोनदा दिसते आणि दोन्ही 'बरोबर' असतात. यावर एकच इलाज: ऑफिसात सगळ्यांनी एकच कीबोर्ड, शक्यतो इनस्क्रिप्ट, वापरायचा, आणि जुन्या नावांची एकदा हाताने साफसफाई करायची. ड्राइव्हवर एकाच फोल्डरात तंतोतंत एकाच नावाच्या दोन फायली राहू शकतात. त्या 'आरक्लोन डीड्यूप'ने निस्तरता येतात.

१०. टॅली आणि एक्सेलच्या फायलींवर 'सोर्स फाइल इज बीइंग अपडेटेड' अशी चूक येते.

वाचता वाचता फाइल बदलली, म्हणून आरक्लोनने ती सोडून दिली. ही चूक दाबून टाकायचा पर्याय आहे, पण वापरू नका. अर्धीमुर्धी प्रत वर जाईल. 'मिन-एज १५ एम' लावलं की गेल्या १५ मिनिटांत बदललेल्या फायली त्या फेरीत वगळल्या जातात.

टॅलीचं डेटा फोल्डर किंवा कुठल्याही चालू डेटाबेसच्या फायली तशाच उचलणं धोक्याचं आहे, चूक आली नाही तरी. त्या एकमेकींवर अवलंबून असतात आणि वेगवेगळ्या क्षणी कॉपी होतात. टॅलीमधूनच बॅकअप घ्या, तो एका फोल्डरमध्ये ठेवा, आरक्लोनने ते फोल्डर पाठवा.

११. हाताने चालवलं की चालतं, विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून रात्री चालत नाही.

नॅसला 'झेड ड्राइव्ह' म्हणून मॅप केलेलं असणार. मॅप केलेली ड्राइव्ह ही त्या लॉगिनपुरती असते; रात्री दुसऱ्या खात्याखाली चालणाऱ्या टास्कला ती दिसत नाही. ड्राइव्हचं अक्षर सोडा, दोन उलट्या तिरक्या रेषांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ द्या किंवा प्रश्न २ प्रमाणे एसएमबी रिमोट वापरा. आरक्लोनची कॉन्फिग फाइलही प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी असते, म्हणून 'कॉन्फिग' पर्यायाने तिचा पूर्ण पाथ लिहा. आणि 'लॉग-फाइल' लावाच. लॉग नसेल तर सकाळी नुसते अंदाज करत बसावं लागतं.

१२. एस-थ्रीवर कोणता रीजन (डेटा सेंटरचं ठिकाण), कोणता स्टोरेज क्लास (साठवणीचा प्रकार)? बिल अंदाजापेक्षा जास्त येतंय.

ॲमेझॉनचे भारतात दोन रीजन आहेत: मुंबई (२०१६ पासून) आणि हैदराबाद (२०२२ पासून). गूगल क्लाउड मुंबई आणि दिल्लीत आहे, मायक्रोसॉफ्टचा सेंट्रल इंडिया रीजन पुण्यात. ऑफिस महाराष्ट्रात असेल तर जवळचा घ्या. दुसऱ्या शहरात प्रत हवी असेल तर मात्र मुद्दाम लांबचा.

बिल वाढण्याची कारणं ठरलेली असतात. स्टँडर्ड-आयए या, क्वचित लागणाऱ्या फायलींसाठीच्या क्लासमध्ये १२८ केबीपेक्षा लहान फाइललाही १२८ केबीचे पैसे लागतात आणि किमान ३० दिवसांचे. डीप आर्काइव्ह या क्लासमध्ये किमान १८० दिवसांचे, आणि तिथून फाइल परत मागवायला साधारण १२ तास लागतात. 'आत्ता हवी' असं म्हणता येत नाही. तिसरं कारण कोणाच्या लक्षात येत नाही: मोठी फाइल तुकड्यांनी चढते, मध्येच तुटली तर चढलेले तुकडे बकेटमध्ये पडून राहतात. यादीत दिसत नाहीत, बिलात येतात. अपूर्ण अपलोड सात दिवसांनी पुसण्याचा लाइफसायकल नियम बकेटवर लावून टाका.

तुटण्यावरूनच: वीज गेल्यावर पुन्हा कमांड दिली की पूर्ण झालेल्या फायली वगळल्या जातात, पण जी अर्ध्यावर होती ती पहिल्यापासून सुरू होते. ८० जीबीची एकच फाइल असेल तर यूपीएस लावून बसा.

१३. क्लाउड कंपनीला आमच्या फायली वाचता येऊ नयेत. काय करायचं?

'क्रिप्ट' नावाचा रिमोट क्लाउडच्या रिमोटवर चढवायचा. आशय आणि नावं दोन्ही तुमच्या मशीनवरच एन्क्रिप्ट होऊन बाहेर पडतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये नावाला १४३ बाइटच मिळतात, म्हणजे देवनागरीची ४७ चिन्हं. आधी नावं छोटी करा, मग सुरू करा.

पासवर्ड हरवला तर फायली गेल्या. कंपनीही काही करू शकत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड दिसतो तो विद्रूप केलेला असतो, एन्क्रिप्ट केलेला नसतो; ती फाइल ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती सगळं लागेल. कॉन्फिगलाच पासवर्ड लावा, आणि क्रिप्टचा पासवर्ड कागदावर लिहून ऑफिसच्या तिजोरीत ठेवा.

१४. ड्राइव्हवरून एस-थ्रीवर न्यायचं आहे. ते तर क्लाउडमधल्या क्लाउडमध्येच होईल ना?

नाही. प्रश्न १ मध्ये सांगितलं तसं, सगळं तुमच्या मशीनवर उतरतं आणि पुन्हा चढतं. डेटा मोठा असेल तर मुंबई रीजनमध्ये एक भाड्याचं मशीन घेऊन तिथे आरक्लोन चालवा. गूगल डॉक्स आणि शीट्स या खऱ्या अर्थाने फायली नसतात, त्यांना आकारच नसतो. त्या वर्ड-एक्सेलच्या रूपात निर्यात होतात. म्हणून प्रश्न ८ मधली तपासणी त्यांच्याबाबत जुळणार नाही. त्या उघडून पाहाव्या लागतात.

१५. सगळं परत उतरवून पाहिलं. फायली ठीक आहेत, पण कोणाला काय उघडता येतं त्या परवानग्या आल्या नाहीत.

येणार नाहीत. विंडोजच्या परवानग्या क्लाउडवर जात नाहीत. 'मेटाडेटा' हा पर्याय लिनक्सवरच्या फायलींचा मालक आणि मोड (कोणाला वाचता-लिहिता येतं ते) एस-थ्रीवर जपतो, पण विंडोजच्या परवानग्यांच्या याद्या तो सांभाळत नाही. विंडोज सर्व्हर असेल तर 'आयकॅकल्स' या कमांडने सगळ्या परवानग्या एका मजकूर फाइलमध्ये साठवा आणि ती फाइल रोजच्या कॉपीत घाला. नॅस असेल तर त्याच्या सेटिंगचा बॅकअप निर्यात करून तोही त्याच फोल्डरात ठेवा. फायली परत उतरवल्यावर आधी वापरकर्ते आणि गट तयार करायचे, मग परवानग्या लावायच्या. क्रम उलटा झाला तर जी खाती अजून तयारच नाहीत, त्यांच्या परवानग्या लागत नाहीत.